आधी डेव्हिएशन ठरवा, मग बाकीचे आकडे

आमचे कोरेगावचे एक ज्येष्ठ मित्र हौशी रेडिओचे जुने परवानाधारक आहेत आणि दर रविवारी संध्याकाळी सात वाजता ते दोन मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, आम्हा चार-पाच जणांना हाक देतात. गोडोलीतल्या आमच्या गच्चीवर अँटेना आहे. मागे अजिंक्यतारा आणि समोर पूर्वेला जरंडा, अशा जागेवरून कोरेगावचा सिग्नल थोडा थकूनच येतो, पण येतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी हातातला संच बाजूला ठेवून तोच एफएम सिग्नल सॉफ्टवेअर रेडिओवर, म्हणजे संगणकातल्या प्रोग्रामने, ऐकायचे ठरवले आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने ग्नू रेडिओ या प्रोग्राममध्ये एकेका कामाचे ब्लॉक जोडून त्यासाठी एक आराखडा तयार करून दिला. पहिल्याच रविवारी कोरेगावहून हाक आली ती फाटक्या आवाजात. हळू बोललेले शब्द स्वच्छ येत होते आणि जोर दिलेला प्रत्येक शब्द चिरकत होता.

"मामा, गेन जास्त झालाय. अर्ध्यावर आणू का?" भाच्याने विचारले. त्याने स्पीकरच्या आधीचा गेन, म्हणजे आवाजाचा गुणक, अर्ध्यावर आणला. आवाज हळू झाला, चिरकणे थोडे कमी झाले, पण जोराच्या शब्दांचे फाटणे काही केल्या गेले नाही. या एका प्रयोगात निदानाची अर्धी वाट पार पडली होती, कारण स्पीकरपाशी होणारे फाटणे गुणक कमी केल्यावर पूर्ण जाते आणि जे त्यानंतरही उरते ते सिग्नल आवाजात रूपांतरित होण्याच्या आधीच झालेले असते.

भाच्याच्या आराखड्यात ज्या-ज्या ठिकाणी आकडा भरायचा होता, तिथे त्याने तो स्वतंत्रपणे भरलेला होता. फिल्टरची रुंदी एका उदाहरणातून घेतलेली, सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या डीमॉड्युलेटरचा गेन दुसऱ्या उदाहरणातून, आणि डी-एम्फसिसचा, म्हणजे उंच सूर उतरवण्याचा, काळ ब्लॉकमध्ये आधीपासून असलेला. एफएमचा आराखडा असा चालत नाही, हे मला या लेखात सविस्तर सांगायचे आहे. त्यातला एकच आकडा आपण ठरवायचा असतो, तो म्हणजे डेव्हिएशन. बाकीचे बहुतेक आकडे त्याच्यापासून आणि सॅम्पल रेटपासून, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतो त्यापासून, हिशेबाने निघतात.

डेव्हिएशन म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर वाहक लहरीची वारंवारता आपल्या जागेपासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त किती सरकते ते माप. एफएममध्ये लहरीची उंची कायम राहते आणि आवाजाचा मोठेपणा या सरकण्यातच साठवलेला असतो. आकाशवाणीच्या एफएम प्रसारणात हे सरकणे ७५ किलोहर्ट्झपर्यंत असते. हातातल्या संचांवर, जिथे एका वाहिनीला २५ किलोहर्ट्झची जागा दिलेली असते, तिथे ते ५ किलोहर्ट्झ असते. आणि साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीत अडीच. कोरेगावच्या मित्रांचा संच जुना, ५ किलोहर्ट्झचा होता आणि भाच्याचा आराखडा अडीचचा होता. एवढ्यावरून दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आणि त्या दोन्ही एकाच लक्षणात मिसळल्यामुळे ओळखायला अवघड गेल्या.

पहिली गोष्ट फिल्टरची. सिग्नलला किती रुंद वाट लागेल याचा अंदाज अमेरिकन अभियंते जॉन कार्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने करतात: डेव्हिएशन आणि आवाजातली सर्वांत वरची वारंवारता यांची बेरीज करून तिची दुप्पट करायची. बोलण्याचा आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंत धरला, तर ५ च्या डेव्हिएशनला १६ किलोहर्ट्झची वाट लागते आणि अडीचच्या डेव्हिएशनला ११ ची. भाच्याचा फिल्टर ११ चा होता. मित्र हळू बोलत तेव्हा वारंवारता थोडीच सरकत असे आणि सगळे काही फिल्टरच्या आत राहत असे. ते जोराने बोलले की सिग्नल दोन्ही बाजूंनी वाटेबाहेर जाई आणि फिल्टर त्याच्या कडा छाटून टाकी. त्या छाटलेल्या कडा पुढे कोणत्याही गुणकाने परत आणता येत नाहीत.

याच कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवून दिले होते की वारंवारता थोडीशीच हलवल्याने सिग्नलची जागा वाचत नाही, आणि त्यावरून या पद्धतीविषयी त्यांचे मत प्रतिकूलच होते. अमेरिकन संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी ती जागा वाचवण्याचा नादच सोडला, उलट वारंवारता भरपूर हलवली आणि बदल्यात खरखर कमी करून घेतली. त्यांना त्याचे पेटंट डिसेंबर १९३३ मध्ये मिळाले. आपण आज आराखड्यात ७५ किंवा ५ लिहितो तेव्हा हाच व्यवहार करत असतो: जागा किती द्यायची आणि शांतता किती घ्यायची.

मग फिल्टर सरळ २५ किलोहर्ट्झचा ठेवला तर काय बिघडते, असे भाच्याने लगेच विचारले. जवळच्या, जोरदार सिग्नलला काहीच बिघडत नाही. पण वाट १६ ऐवजी २५ ची केली की तिच्यातून सुमारे दोन डेसिबल गोंगाट अधिक आत येतो, आणि एफएमचा डीमॉड्युलेटर एका मर्यादेपर्यंतच गोंगाट सहन करतो. सिग्नल गोंगाटाच्या वर साधारण १० डेसिबल असेपर्यंत आवाज स्वच्छ राहतो; त्याखाली गेला की तडतड सुरू होते आणि मग तो फार झपाट्याने कोसळतो. जरंड्याला वळसा घालून येणाऱ्या सिग्नलसाठी ते दोन डेसिबल म्हणजे ऐकू येणे आणि न येणे यातला फरक असू शकतो. म्हणून मी कार्सनचा आकडा घेतो आणि त्यात रिसीव्हरच्या वारंवारतेतली चूक सामावेल इतकीच भर घालतो.

दुसरी गोष्ट डीमॉड्युलेटरच्या गेनची. सॉफ्टवेअरमधला हा ब्लॉक फार सुंदर आणि साधा आहे. प्रत्येक नमुना म्हणजे वर्तुळावरचा एक बिंदू मानला, तर हा ब्लॉक आताच्या आणि त्याआधीच्या बिंदूंमधला कोन काढतो. वारंवारता जितकी सरकलेली, तितका बिंदू एका नमुन्यात जास्त फिरलेला. हा कोन म्हणजे दोन पाय (२π) गुणिले वारंवारतेचे सरकणे भागिले सॅम्पल रेट. आपल्याला पूर्ण डेव्हिएशनला बाहेर बरोबर १ हा आकडा हवा असतो, म्हणून गेन याच्या उलट ठेवायचा: सॅम्पल रेट भागिले (दोन पाय गुणिले डेव्हिएशन). ४८ हजारांचा रेट आणि ५ किलोहर्ट्झ यांना गेन १.५३ येतो, अडीच किलोहर्ट्झला ३.०६. आमच्या आराखड्यात ३.०६ होता, त्यामुळे मित्रांच्या जोराच्या शब्दाला ब्लॉकमधून २ बाहेर पडत होते आणि ध्वनीकार्ड १ च्या वरचे सगळे कापून टाकत होते. भाच्याने गुणक अर्धा केला तेव्हा हे कापणे थांबले. फिल्टरचे छाटणे मात्र राहिले.

हा गेन प्रत्यक्ष आकड्याच्या रूपात कधीही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्नू रेडिओमध्ये सॅम्पल रेट आणि डेव्हिएशन ही दोन चले करून ठेवावीत आणि गेनच्या रकान्यात पूर्ण सूत्र लिहावे. आकाशवाणीच्या एफएमसाठी मी डोंगलकडून, म्हणजे संगणकाला जोडलेल्या छोट्या रिसीव्हरकडून, सेकंदाला २४ लाख नमुने घेतो, दहाने भागून २ लाख ४० हजारांवर आणतो, तिथे डीमॉड्युलेशन करतो आणि पुन्हा पाचाने भागून ४८ हजारांचा आवाज काढतो. तिथे गेन ०.५१ येतो. उद्या कोणी डोंगलचा रेट २० लाखांवर आणला, तर मधला रेट २ लाख होईल. सूत्र लिहिलेले असेल तर गेन आपोआप बदलेल आणि नुसता आकडा लिहिलेला असेल तर पूर्ण डेव्हिएशनला १ ऐवजी १.२ मिळून गाणे फाटू लागेल. शिवाय पुढचा आवाज ४० हजारांचा होईल आणि ४८ हजार मागणारे ध्वनीकार्ड अडखळत राहील. मधला रेट किती कमी करता येईल यालाही मर्यादा आहे: एका नमुन्यात बिंदू अर्ध्या वर्तुळाहून अधिक फिरला, तर तो कोणत्या बाजूने फिरला हे ब्लॉकला कळूच शकत नाही. ७५ किलोहर्ट्झला २ लाख ४० हजारांवर तो सुमारे १.९६ रेडियन फिरतो, अर्धे वर्तुळ ३.१४ चे, म्हणजे जागा पुरेशी आहे.

आता डी-एम्फसिसकडे येतो, कारण या बाबतीत मी अनेकांचे आराखडे चुकलेले पाहिले आहेत आणि चूक आवाजात ऐकू येत असूनही ती सेटिंगमधली आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एफएमच्या डीमॉड्युलेटरमधून येणारा गोंगाट सर्व सुरांना सारखा नसतो. जितका सूर उंच, तितका तो वाढत जातो. म्हणून पाठवणारा उंच सूर मुद्दाम वाढवून पाठवतो आणि घेणाऱ्याने ते तेवढेच उतरवायचे असतात, म्हणजे सूर मूळपदावर येतात आणि गोंगाट तेवढा खाली जातो. किती वाढवायचे हे मायक्रोसेकंदांत सांगतात. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद वापरतात; भारतात आणि युरोपात ५०. ग्नू रेडिओच्या ब्लॉकमध्ये आधीपासून ७५ असते. तो आकडा बदलला नाही, तर सुमारे १० किलोहर्ट्झच्या सुरांना आपण गरजेपेक्षा सव्वातीन डेसिबलच्या आसपास जास्त उतरवतो. साताऱ्याच्या आकाशवाणीवर सकाळी भक्तिगीते लागतात तेव्हा मी दोन्ही आकडे आळीपाळीने लावून ऐकले. ७५ वर मृदंग आणि गळा ठीक वाटतात, पण टाळ कापडात गुंडाळल्यासारखे येतात. ५० वर त्यांची किणकिण मोकळी होते. ज्याने प्रत्यक्ष टाळ ऐकलेले आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

हातातल्या संचांचे गणित वेगळे आहे आणि तिथे हाच ७५ उलट्या बाजूने चुकतो. ७५ मायक्रोसेकंदांचे उतरवणे साधारण २१०० हर्ट्झच्या पुढे सुरू होते आणि बोलण्याचा आवाज ३००० च्या आसपास संपतो, म्हणजे ते जवळपास काहीच करत नाही. हातातले संच मात्र ३०० हर्ट्झपासूनच आवाज चढवत नेतात. त्यामुळे उतरवण्याचा काळही ३०० हर्ट्झला जुळणारा, म्हणजे सुमारे ५३० मायक्रोसेकंद ठेवावा लागतो. आमच्या आराखड्यात ७५ होते आणि कोरेगावचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा टोकदार वाटत होता. ५३० लिहिल्यावर मित्रांचा ओळखीचा, जरासा घोगरा आवाज आला. याच्याच जोडीला ३०० हर्ट्झच्या खालचे सगळे कापणारा फिल्टर ठेवावा, कारण काही संच वाहिनी उघडण्यासाठी तिथे ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा एक सततचा सूर पाठवतात आणि नव्या डी-एम्फसिसनंतर तो घुमू लागतो.

रिसीव्हरच्या वारंवारतेतली चूक हा विषय लवकर आटोपण्यासारखा आहे. स्वस्त डोंगलमधला वारंवारता ठरवणारा स्फटिक दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तर १४५ मेगाहर्ट्झला ती चूक २.९ किलोहर्ट्झ होते आणि १६ च्या वाटेत सिग्नल एका कडेला जाऊन घासतो. गेन सूत्राने लावलेला असेल तर ही चूक मोजायला वेगळे साधन लागत नाही: डीमॉड्युलेटरच्या बाहेरच्या आकड्याची सरासरी पाहावी. ती ०.३ वर स्थिर असेल, तर ५ किलोहर्ट्झचे ०.३ म्हणजे दीड किलोहर्ट्झचा फरक आहे. तो फरक आपला की समोरच्याचा, हे एका सिग्नलवरून ठरवू नये. मी चार वेगवेगळ्या संचांची सरासरी घेतली आणि डोंगल वीस मिनिटे तापल्यानंतरच घेतली.

पाठवण्याच्या बाजूला तेच सूत्र उलटे होते. आवाज वाहकावर चढवणाऱ्या मॉड्युलेटरला सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा द्यावा लागतो आणि तो म्हणजे दोन पाय गुणिले डेव्हिएशन भागिले सॅम्पल रेट. ५ किलोहर्ट्झ आणि २ लाख ४० हजारांना ०.१३१. या आकड्याचा अर्थ एवढाच की आत १ आल्यावर वारंवारता ५ किलोहर्ट्झ सरकेल. आत २ आले तर ती १० सरकेल आणि शेजारच्या वाहिनीवर बोलणाऱ्याला त्रास होईल, कारण सॉफ्टवेअर इथे कोणालाही अडवत नाही. म्हणून मायक्रोफोन आणि मॉड्युलेटर यांच्या मध्ये आवाज १ वर अडवणारा ब्लॉक हवाच, त्याच्यानंतर ३ किलोहर्ट्झचा फिल्टर हवा, आणि उंच सूर चढवण्याचे काम अडवण्याच्या आधी झालेले हवे. ते नंतर केले तर अडवलेला आवाज पुन्हा १ च्या वर जातो. पाठवण्यासाठी परवाना लागतो. माझ्याकडे तो आहे, तरीही जुळवाजुळव करताना मी अँटेना लावत नाही. पाठवणारे यंत्र आणि डोंगल केबलने जोडतो आणि मध्ये सिग्नल कमी करणारा ६० डेसिबलचा ॲटेन्युएटर घालतो.

आपण लिहिलेले ५ किलोहर्ट्झ खरोखरच ५ आहेत का, हे तपासण्याची एक जुनी रीत आहे आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. एकाच सुराने एफएम केले की पडद्यावरच्या वारंवारतेच्या आलेखात मध्ये वाहक आणि दोन्ही बाजूंना सुराच्या अंतरावर उभ्या रेषांची रांग दिसते. सूर मोठा करत नेला की शक्ती मधल्या रेषेतून बाजूच्या रेषांत जाते, आणि डेव्हिएशन सुराच्या २.४०५ पट झाले की मधली रेषा पूर्ण नाहीशी होते. हा आकडा गणितातल्या बेसलच्या फलनातून येतो आणि तो कोणत्याही यंत्राच्या चांगलेपणावर अवलंबून नाही. ५ किलोहर्ट्झ तपासायचे असतील, तर ५००० भागिले २.४०५, म्हणजे २०७९ हर्ट्झचा सूर द्यायचा आणि शून्यापासून हळूहळू वाढवत नेऊन रेषा पहिल्यांदा कधी विझते ते पाहायचे.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा रेषा विझलीच नाही. ती कमी होत गेली, बाजूच्या रेषांच्या बरीच खाली आली आणि तिथेच अडून राहिली; सूर आणखी वाढवला की पुन्हा वर येऊ लागली. दोन संध्याकाळी मी सेन्सिटिव्हिटीचे सूत्र, सुराची शुद्धता आणि फिल्टर तपासण्यात घालवल्या आणि ते सगळे बरोबर होते. तिसऱ्या दिवशी मी मॉड्युलेशन पूर्ण बंद करून, यंत्राला सलग शून्ये पाठवून पडद्याकडे पाहिले, तर काहीच पाठवत नसतानाही नेमकी मध्यावर एक बारीक रेषा उभी होती. ती यंत्राच्या आतल्या ऑसिलेटरची, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या भागाची, गळती होती. अशा रचनेच्या यंत्रांत ऑसिलेटर आपल्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर बसलेला असतो आणि त्याचा थोडा अंश बाहेर येतोच. माझा वाहकही तिथेच असल्यामुळे वाहक विझला तरी गळती उरत होती. मी यंत्राची मध्यवारंवारता १०० किलोहर्ट्झ खाली नेली आणि सिग्नल सॉफ्टवेअरमध्येच १०० किलोहर्ट्झ वर सरकवला. पडद्यावर गळतीची रेषा डावीकडे एकटी राहिली, आणि सूर वाढवत नेला तसा माझा वाहक बारीक होत गेला आणि गोंगाटात मिसळून गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना २०७९ हर्ट्झवरच्या रेषा तेवढ्याच उजळ उभ्या होत्या. सुराचा मोठेपणा पाहिला तर तो १ च्या जवळ, ०.९९ होता.

घेण्याच्या बाजूलाही हेच सरकवणे उपयोगी पडते, कारण काही रिसीव्हरमध्ये मध्यावर तशीच एक खोटी रेषा असते आणि अरुंद एफएमच्या १६ किलोहर्ट्झच्या वाटेत ती नेमकी मधोमध येऊन बसते.

तपासून झालेल्या या सिग्नलने मग मी रिसीव्हरचा आराखडा जुळवला. बाहेर सुराचे शिखर १ वर येईल याची खात्री केली आणि त्यानंतर तोच आराखडा कोरेगावसाठी लावला. पुढच्या रविवारी सात वाजता हाक आली तेव्हा भाचा आलेखाकडे पाहत होता. "मामा, साहेबांचे शिखर एक पूर्णांक एक-दोनला जातेय," तो म्हणाला. म्हणजे त्यांचा जुना संच साडेपाच ते सहा किलोहर्ट्झपर्यंत जात होता. मी त्यांना ते आदराने कळवले, तेव्हा त्यांनी संच तोंडापासून वीतभर लांब धरला आणि पुन्हा बोलले, आलेख ०.८ वर आला. पुढे त्यांनी विचारले, "तुमच्याकडे हे मोजता येते, तर माझ्या दुसऱ्या संचाचेही पाहता का?" तो संच त्यांनी परवा एसटीने साताऱ्याला पाठवला आहे आणि आज रात्री त्याला २०७९ हर्ट्झचा सूर द्यायचा आहे.